छातीचं हाड जुळेपर्यंत

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)

सास्तूर, लोहारा, माकणी, उमरगा, जिथं कुठं आत्ता रेडिओ चालू असेल तिथल्या सगळ्या आयाबायांना नमस्कार. शेजारी घरातलं कुणी पुरुषमाणूस बसलं असेल तर त्यांनी उठून जाऊ नये. आजचं बोलणं बायकांइतकंच त्यांच्यासाठीही आहे.

मागच्या वर्षी सुगीत मी एका घरी गेले होते. घरातल्या बाईचं हृदयाचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले होते. लहानपणी सांधे धरून ताप आलेला, त्यानं हृदयाची झडप खराब झालेली, ती बदलली होती. पहिले पंधरा दिवस सासूबाईंनी तिला काडी उचलू दिली नाही. मग सोयाबीनची काढणी आली आणि घर सगळं रानात गेलं. दुपारी नळाला पाणी आलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं एक घागर भरली आणि कमरेवर घेतली. छातीत 'कट्' असा आवाज झाला. फार दुखलं नाही, म्हणून ती कुणाला बोलली नाही. चार दिवसांनी झंपर पुढून ओला व्हायला लागला. मी विचारलं, "अगं, चार दिवस गप्प का बसलीस?" ती म्हणाली, "ताई, माझ्यापायी आधीच एवढा खर्च झालाय. आता आणखी काय सांगू?"

तिचं पुढं काय झालं ते शेवटी सांगते. आधी तो 'कट्' आवाज कशाचा, ते समजून घेऊ.

हाड कापतात म्हणजे काय करतात?

आपल्या छातीच्या मधोमध, गळ्याच्या खळगीपासून पोटाच्या वरपर्यंत, एक चपटं हाड असतं. वितीपेक्षा थोडं कमी लांब. दोन्ही बाजूंच्या बरगड्या पुढं येऊन त्याला मिळतात. हृदय या हाडाच्या मागं असतं. बायपास असो, झडप बदलणं असो, नाहीतर लेकराच्या हृदयाचं भोक बुजवणं असो, बहुतेक वेळा डॉक्टर हे हाड बारीक विजेच्या करवतीनं वरून खालपर्यंत उभं कापतात आणि दोन्ही भाग बाजूला करून हृदयापर्यंत पोचतात. काही ऑपरेशनं आता बरगड्यांमधल्या लहान छेदातूनही होतात, पण नेहमीची वाट हीच.

काम झालं की दोन्ही भाग एकमेकांना भिडवून स्टीलच्या तारांनी बांधतात. साधारण सहा ते आठ तारा असतात. प्रत्येक तार हाडाभोवतून किंवा हाडातून घेऊन पिळतात आणि टोकं आत दाबून टाकतात. वरून कातडी शिवतात. बाहेरून आपल्याला दिसते ती एक उभी रेघ. ती रेघ दोन-तीन आठवड्यांत वाळते, आणि घरातले म्हणतात, "जखम भरली." इथंच चूक होते. भरलेली असते ती कातडी. आतलं हाड अजून तारांच्या जिवावर उभं असतं.

आपल्या गावाला मोडलेल्या हाडांबद्दल वेगळं सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बुडवून लोक नुकतेच झोपले असताना भूकंप झाला. त्यानंतर किती हातापायांना प्लास्टर होतं ते आपल्यातल्या थोरांनी पाहिलंय. मोडलेलं हाड हललं नाही तर जुळतं, हे तेव्हापासून इथं लेकरालाही कळतं. पण छातीच्या हाडाला प्लास्टर घालता येत नाही, कारण माणसाला श्वास घ्यायचा असतो. मिनिटाला पंधरा श्वास धरले तरी दिवसाला वीस हजारांच्या वर होतात. प्रत्येक श्वासाला छाती थोडी फुगते आणि त्या हाडावर थोडा ताण येतो. खोकला, शिंक, उचकी आली की जास्त येतो. हे सगळं सोसत हाडाला जुळायचं असतं. पकड यायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि चांगलं मजबूत व्हायला साधारण तीन महिने.

म्हणजे ऑपरेशन चार-पाच तासांत उरकतं, पण हाडाचं काम घरी येऊन तीन महिने चालतं. ते सुखरूप पार पडणं बरंचसं घरच्यांच्या हातात आहे.

काय बिघडू शकतं?

घाबरवायला सांगत नाही. बहुतेकांचं हाड नीट जुळतं. पण बिघडलंच तर दोन प्रकारे बिघडतं.

पहिला प्रकार म्हणजे तारा सैल होणं. जोर पडला की तार तुटते, किंवा तार शाबूत राहते आणि मऊ हाडच तिच्याखाली चिरत जातं. मग दोन्ही भाग एकमेकांवर घासतात. कूस बदलताना, खोकताना कटकट आवाज येतो. छातीवर हात ठेवला तर आत काही सरकल्यासारखं लागतं.

दुसरा प्रकार म्हणजे जंतू आत शिरणं. वरच्या कातडीपुरतंच असेल तर औषधानं आणि ड्रेसिंगनं बरं होतं. पण हाडापर्यंत आणि हाडाच्या मागं पू गेला तर तो जिवावरचा आजार आहे. शंभरातल्या साधारण एक ते चार जणांना हे होतं. म्हणजे थोड्यांनाच होतं, पण ज्याला होतं त्याला वेळेत दवाखाना गाठावाच लागतो. आणि हे बहुतेक वेळा सुट्टी मिळून घरी आल्यावर, पहिल्या दोन ते चार आठवड्यांत दिसतं. म्हणून ते ओळखायचं काम डॉक्टरांआधी घरातल्या माणसांवर येतं.

हे दोन्ही प्रकार एकमेकांचे सोबती आहेत. हाड हलत राहिलं की जंतूंना वाट मिळते. जंतू शिरले की हाड जुळत नाही.

धोका कुणाला जास्त? ज्यांना साखरेचा आजार आहे आणि साखर चढलेली आहे त्यांना. ज्यांचं वजन फार आहे त्यांना. जुनाट खोकला-दमा असणाऱ्यांना. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ झालेल्या बायांना. ज्यांची छाती दुसऱ्यांदा उघडली त्यांना. बायपासमध्ये आणखी एक गोष्ट असते. छातीच्या आतून, या हाडाच्या कडेनं एक रक्तवाहिनी जाते. हृदयाला नवी वाट करून द्यायला ती फार उत्तम चालते, म्हणून डॉक्टर ती वापरतात. पण हाडाच्या त्या बाजूला रक्त पोचवायचं काम तीच करत असते. त्यामुळं काही दिवस हाडाला रक्त कमी मिळतं, आणि जुळायला तेवढा जास्त वेळ द्यावा लागतो.

आणि मशेरी. बायांनो, हसू नका. विडी-सिगारेट ओढणाऱ्या गड्याला डॉक्टर बोलतात, पण पदराआडच्या मशेरीच्या डबीबद्दल कुणी विचारत नाही आणि आपण सांगत नाही. तंबाखूतल्या निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. हाडाला आणि जखमेला रक्त पोचलं नाही तर ती भरणार कशानं? ऑपरेशन ठरलं त्या दिवसापासून मशेरी, तंबाखू, गुटखा बंद. नंतर पुन्हा धरू नये.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

कागद-पेन घ्या, नाहीतर लेकीला लिहायला सांगा.

जखमेतून पाणी, पू किंवा रक्त येणं. रेघेभोवती लाली, सूज, गरमपणा वाढत जाणं. जखमेचं तोंड उघडणं. ताप येणं, थंडी वाजणं. छातीत कटकट आवाज येणं किंवा हाड सरकल्यासारखं वाटणं. कमी होत चाललेलं दुखणं पुन्हा वाढणं. साखर एकाएकी चढणं. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या दवाखान्याला फोन करा आणि जवळच्या डॉक्टरला दाखवा. "सोमवारी बघू" म्हणायचं नाही. धाप लागली, छातीत कळ आली, भोवळ आली, शुद्ध हरपली तर सरळ 108 ला फोन करून गाडी बोलवा.

जखमेवर हळद, राख, तेल, बाम, कुणी दिलेला पाला, काहीही लावायचं नाही. डॉक्टरांनी अंघोळीला परवानगी दिली की साध्या साबणानं, स्वच्छ पाण्यानं हलक्या हातानं धुवायचं आणि स्वच्छ सुती कापडानं टिपून कोरडं करायचं. विहिरीत, कॅनॉलमध्ये किंवा नदीत अंघोळ जखम पूर्ण भरेपर्यंत नको. मंगळसूत्र जखमेवर घासत असेल तर काही दिवस काढून ठेवा. ज्याच्या नावाचं आहे तोच माणूस दवाखान्यात तुमच्या उशाशी बसला होता. तो काही म्हणणार नाही आणि सासूबाईंनीही म्हणू नये.

दवाखान्यात गेल्यावर काय करतात, तेही माहीत असावं, म्हणजे भीती कमी होते. रक्त तपासतात, जखमेतल्या पाण्यात कोणते जंतू आहेत ते बघतात, छातीचा सीटी स्कॅन काढतात. वरवरचं असेल तर गोळ्या-इंजेक्शन आणि ड्रेसिंग. आत गेलेलं असेल तर जखम पुन्हा उघडून साफ करतात. कधी कधी जखमेवर स्पंज बसवून यंत्रानं आतलं पाणी सतत ओढून घेतात. जागा स्वच्छ झाली की पुन्हा तारा किंवा धातूच्या पट्ट्या बसवतात. हाड फारच खराब झालं असेल तर छातीचा स्नायू किंवा पोटातला चरबीचा पडदा आणून ती जागा भरतात. यातून माणसं बरी होतात. उशीर झाला तर मात्र अवघड जातं.

घरातली कामं

आता आपल्या घरांकडं येऊ. शहरातल्या कागदावर लिहिलेलं असतं, "पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नका." आमच्या बाईला पाच किलो म्हणजे काय ते कसं कळणार? एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरची घागर म्हणजे पंधरा किलो आणि वर भांड्याचं वजन. तांब्या चालतो. लहान तपेली चालते. घागर, हंडा, शेणाची पाटी, सरपणाचा भारा, कडब्याची पेंढी, धान्याचं पोतं, यातलं काहीही तीन महिने नाही. हापसा मारायचा नाही. विहिरीचं पाणी शेंदायचं नाही. म्हशीचं दावं हातात धरायचं नाही, तिनं एक हिसका दिला तरी पुरे. पाटा-वरवंटा, जातं, चादरी पिळणं नाही. भाकरीचं पीठ मळून थापायला तळहातांनी दाबावं लागतं, म्हणून पहिले दोन महिने भाकरी दुसऱ्या कुणी करायची. ती लेकीनंच करायची असं कुठं लिहिलेलं नाही. लेकाला दोन हात आहेत.

लेकरू रडत आलं तर त्याला उभ्यानं उचलायचं नाही. आधी आपण खुर्चीत बसायचं आणि दुसऱ्या कुणी लेकरू मांडीवर द्यायचं.

झोपायला जमीन नको आणि खोल गेलेली बाजही नको. जमिनीवरून उठताना हातांवर सगळा भार येतो. ताठ पलंग किंवा खाट हवी. उठताना आधी गुडघे दुमडा, अख्खं अंग एकदम एका कुशीला वळवा, पाय खाली सोडा आणि पायांच्या वजनानं उठून बसा. कुणी हात धरून ओढायचं नाही. हातानं ओढून उठवणं ही आपल्याकडची माया आहे, पण ती सगळी छातीच्या हाडावर येते. आधार द्यायचा तर पाठीमागून द्या. संडासाला उकिडवं बसून उठणं जड जातं. मधे भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची मिळते, ती आणा. कुंथायला लागू नये म्हणून पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि पोट साफ होत नसेल तर लाजू नका, औषध मागा.

एक छोटी घट्ट उशी कायम जवळ ठेवा. खोकला, शिंक, हसू आलं की ती दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरा. हलकं वजन उचलल्यापेक्षा एका जोराच्या खोकल्याचा ताण जास्त असतो. पण खोकला दाबायचा नाही. कफ आत साठला तर न्युमोनिया होतो. दवाखान्यातून तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र देतात, ते लेकरांचं खेळणं नाही. सांगितलं तेवढ्या वेळा रोज ओढा.

बायांसाठी एक खास गोष्ट, जी पुरुष डॉक्टर कधी कधी संकोचानं सांगत नाहीत. स्तन जड असतील तर ते दोन्ही बाजूंना ओढले जातात आणि मधली जखम ताणली जाते. त्यामुळं आधार देणारी, सुती, पुढून हुक असलेली बॉडी दिवसा आणि रात्रीही घाला. मागं हात नेऊन हुक लावायचा नाही. स्तनांच्या खालची घडी कोरडी ठेवा, घाम साठू देऊ नका.

आणि याचा अर्थ नुसतं पडून राहायचं असाही नाही. चाललंच पाहिजे. पहिल्या आठवड्यात अंगणात पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, मग रोज थोडं थोडं वाढवत. दोन्ही हात शरीराजवळ ठेवून हलकी कामं करा. भाजी निवडा, वेणी घाला, कपड्यांच्या घड्या करा. खांदे आखडून, वाकून बसू नका. जेवणात डाळ, मटकी, हुलगे, दूध, चालत असेल तर अंडी. हाड भरायला प्रथिनं लागतात. लोणचं-पापड कमी, कारण मीठ.

तुम्ही विचारलेले प्रश्न

*तारा पुन्हा काढाव्या लागतात का?*
नाही. त्या आयुष्यभर आत राहतात, गंजत नाहीत. कधी एखादं टोक टोचायला लागलं तर हाड जुळल्यावर लहानशा ऑपरेशननं तेवढी तार काढतात. एमआरआय करायची वेळ आली तर तारा आहेत असं आधी सांगा. बहुतेक वेळा या तारांमुळं ती तपासणी अडत नाही.

*गाडीवर मागं बसून माहेरी जाऊ का?*
पहिले दोन महिने दुचाकी नको. आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत. चारचाकीत बसा, पट्टा लावा, पट्टा आणि छाती यांच्यामध्ये ती उशी धरा.

*नवरा-बायकोनं कधी जवळ यायचं?*
चांगला प्रश्न आहे. न धापता दोन जिने चढता यायला लागले की साधारण चालतं. बहुतेकांना सहा ते आठ आठवडे लागतात. छातीवर आणि हातांवर भार येऊ द्यायचा नाही. झडप बदललेली असेल तर दिवस जाण्याआधी डॉक्टरांशी बोलणं फार गरजेचं आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते. पण ती आपल्या मनानं बंदही करायची नाही.

*माझ्या लेकराचं ऑपरेशन झालंय, त्याला कसं उचलू?*
काखेत हात घालून कधीच नाही. एक हात मानेखाली-पाठीखाली, एक हात बुडाखाली, असं तान्ह्या बाळासारखं उचला. लेकरांचं हाड मोठ्यांपेक्षा लवकर जुळतं, तरी दीड-दोन महिने हे पाळा.

*उगाच रडू येतं, झोप लागत नाही. मी वेडी झाले का?*
अजिबात नाही. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर कितीतरी जणांचं असं होतं. बोला, कुणाजवळ तरी मन मोकळं करा. दोन-तीन आठवड्यांनीही कमी झालं नाही तर डॉक्टरांना सांगा. त्यावरही औषध आहे.

*पैशाचं काय?*
महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाची बरीच ऑपरेशनं बसतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र असतो. रेशनकार्ड घेऊन त्याला भेटा, आणि नंतरच्या तपासण्या व औषधांचंही तेव्हाच विचारून घ्या.

शेवटचं

24 जानेवारी 2009 ला दिल्लीत तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांची बायपास झाली. मुंबईचे डॉक्टर रमाकांत पांडा यांच्या पथकानं ती केली. पंतप्रधानांचं वय शहात्तर, साखरेचा आजार, आणि छाती दुसऱ्यांदा उघडलेली. म्हणजे धोक्याच्या यादीतल्या कितीतरी गोष्टी त्यांच्या वाट्याला होत्या. त्याच वर्षी 22 मे ला त्यांनी पुन्हा पंतप्रधानपदाची शपथ घेतली. चार महिन्यांत देश चालवायला माणूस उभा राहतो. पण त्या चार महिन्यांत त्यांना कुणी घागर उचलायला लावली नव्हती, एवढं ध्यानात ठेवा.

आमच्या त्या बाईला मी त्याच दिवशी गाडीत घालून ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात पाठवलं. दोन तारा सैल झाल्या होत्या आणि जंतू नुकतेच आत शिरत होते. जखम उघडून धुतली, पुन्हा तारा बांधल्या, तीन आठवडे तिथं राहावं लागलं. ज्या खर्चाच्या भीतीनं ती बोलली नव्हती, त्याहून जास्त त्रास घराला झाला. आता ती बरी आहे. गेल्या महिन्यात भेटली तेव्हा स्वतः भाकरी थापत होती. पाण्याच्या वेळी मात्र नवरा रानातून येतो. गावात कुणी हसलं तर म्हणतो, "हसा. दोनदा दवाखाना बघितलाय मी."

तुमच्या घरात, शेजारी, भावकीत कुणाचं असं ऑपरेशन ठरलं असेल तर माणूस घरी यायच्या आधीच बसून ठरवा. पुढचे तीन महिने पाणी कोण भरणार, भाकरी कोण करणार, जनावरांचं कोण बघणार. नावं घेऊन ठरवा. आणि घरी आलेल्या बाईला पहिल्याच दिवशी सांगा, "काही दुखलं-खुपलं, आवाज आला, तर लगेच बोल. खर्चाचं आम्ही बघू."

येते मैत्रिणींनो. नमस्कार.